खळ्यावरचे बूट

"पायताण काढ सायबा, खळं हाय हे," गोदाक्का भात पाखडता पाखडता म्हणाली.

"आत्याबाई, मळ्याचा मालक हाय त्यो," सून कुजबुजली.

"असंना. लक्षुमीपेक्षा मोठा हाय व्हय?"

साऱ्या बेटावर मालकानं नुसता ऊस लावलेला. खायचा तांदूळ जहाजातून यायचा. मळ्यावरच्या मजुरीचा करार संपल्यावर त्यानं गोदाक्काला जमीन म्हणून हसत हसत दलदल दिली होती. तिनं तिथं भात लावला. यंदा वादळात जहाज बुडालं, मळ्यावरच्या चुली थंड पडल्या आणि मालक तिच्याकडं भात मागायला आला.

गोऱ्या मालकानं बूट काढले. कुसळ पायात रुतलं तसा तो कळवळला. गोदाक्काला बरं वाटलं.

"दे गं पोती," ती सुनेला म्हणाली. "तिथं आपलीच माणसं उपाशी हायत. पर पहिलं पोतं याच्याच पाठीवर चढव. भाताचं वजन कळू दे जरा."