मालकाचं नाव

जयवंताबाईंचं तोंड हिरव्या चादरीखाली होतं. उघडा होता तो फक्त उजवा कान. बाई जाग्या होत्या. भूल दिली होती ती कानापुरतीच.

नागपूरच्या सदरमधल्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर मोहरील नव्याकोऱ्या जर्मन मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. बाहेर कुठेही चिरायचं नाही. कानाच्या भोकातूनच आत जायचं, घट्ट बसलेलं तांदळाएवढं हाड काढायचं आणि त्या जागी इवलीशी तार बसवायची. तार बसवून झाली होती. नीट बसली की नाही, हे मात्र बाईच सांगणार होत्या.

त्यासाठी डॉक्टरांची एक रीत होती. मोकळ्या झालेल्या कानात पहिला शब्द जावा तो घरच्या माणसाच्या नावाचा, असं त्यांना वाटे. पेशंटनं तो ऐकून परत म्हणायचा. आजवर त्यांच्या टेबलावर पुरुषच आले होते. त्यांनी आईची, लेकरांची नावं खुशाल म्हटली होती.

डॉक्टरांनी संमतीच्या कागदावरची सही पाहिली आणि मास्कआडून कुजबुजले, "चंद्रभान."

डॉक्टरांनी जरा वाट पाहिली.

"चंद्रभान. म्हणा."

चादर जराशी हलली, एवढंच.

तार नीट बसलीच नाही, असं डॉक्टरांनी धरलं. तार पुन्हा हलवायची म्हणजे जुगार होता. केसभर आत गेली तर उरलंसुरलं ऐकणंही कायमचं जाणार. बाईसाठी त्यांचा जीव तुटला, पण दुसरा इलाज दिसेना. त्यांनी तार सरकवायच्या बारीक हुकासाठी हात पुढे केला.

सिंधूताई नर्सनं हूक उचलला, पण देण्याआधी चादरीचं टोक वर करून पाहिलं. बाई ओठ मिटून चक्क लाजत होत्या.

"काहून वं, ऐकू नाही आलं काय तुले?" ताईंनी अगदी हळू विचारलं.

"आलं नं बाई, दोन्ही डाव आलं," जयवंताबाई म्हणाल्या. "पण मालकाचं नाव मी कशी घेऊ?"

हूक ट्रेमध्ये परत गेला. डॉक्टरांना हसू आलं आणि स्वतःच्या अकलेची कीवही आली.

"चुकलं माझं. दुसरा शब्द सांगतो. रामटेक."

"रामटेक," बाई लगेच म्हणाल्या. मग चादरीखालून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, ते पहिलंवालं म्हणा नं अजून एकडाव. मी निस्ती ऐकीन."