बांबूच्या बेटातला डबा

नाहीच म्हणायचं, असं ठरवूनच संपदा दिल्लीच्या लोदी गार्डनला आली होती. आईने सुचवलेल्या मुलाला एकदा भेटायचं आणि तासाभरात मयूर विहारला घरी परतायचं. पण गुडगावच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या त्या मानसने कॉफीचं विचारलंच नाही. त्याने मोबाइलएवढं जीपीएस यंत्र काढून तिच्या हातात दिलं.

“या बागेत कुणीतरी एक डबा लपवलाय आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकलेत. आपण तो शोधायचा. चालेल तुम्हाला?”

पडद्यावरच्या बाणामागे चालत दोघं बांबूच्या बेटापाशी पोहोचली. तिथे मात्र बाण गरगरायला लागला. “झाडांखाली सिग्नल नीट मिळत नाही, सॉरी,” म्हणत मानस चांगल्या पँटची पर्वा न करता गुडघे टेकून पाचोळा उपसू लागला. तेवढ्यात माळी आला.

“कुछ खो गया क्या, भैया?”

मानसने त्याला आकाशातले उपग्रह इतका जीव ओतून समजावले, की माळीही खुरपं बाजूला ठेवून शोधायला लागला. संपदाला कितीतरी दिवसांनी खळखळून हसू आलं.

ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच आईने विचारलं, “काय गं, कसा वाटला मुलगा?”

“डबा सापडला नाही ना, आई. पुढच्या रविवारी परत जायचंय.”

डबा तिला केव्हाच दिसला होता. मानसचं आणि माळ्याचं लक्ष नाही असं बघून तिने त्यावर हळूच पाचोळा सरकवला होता.