कोंबडीचं निदान

रविवारी अमेरिकेहून जावई येणार, म्हणून आमच्या घरमालकीण अख्तरखालांनी परसातली कोंबडी खास राखून ठेवली होती. नेमकं बुधवारपासून तिने दाण्याला चोच लावणं सोडलं. पेरूच्या झाडाखाली ती दिवसभर डोळे मिटून बसू लागली.

"बेटा, तू एमएस्सी ना? बघ जरा हिला काय झालंय ते," खाला मला म्हणाल्या. "आजारी कोंबडी मी जावयाच्या ताटात वाढणार नाही."

मी कात्रजच्या सायबर कॅफेत दोन तास बसून कोंबड्यांचे एकोणीस आजार वहीत उतरवले आणि एकेक खोडत गेले. ताप नव्हता, जंत नव्हते, श्वासाला घरघर नव्हती. गळ्याखालची दाण्याची पिशवी मात्र टम्म फुगलेली, आणि चोचीला चक्क वेलदोड्याचा वास.

म्हणून शनिवारी उजाडताच मी पेरूआड उभी राहिले. थोड्याच वेळात शेजारच्या भिंतीवरून एक हात आला आणि त्याने वाटीभर तुपातला शिरा कोंबडीपुढे ओतला. हात करंदीकर काकूंचा होता. याच कोंबडीविरुद्ध त्यांनी महापालिकेकडे तीन लेखी तक्रारी केल्या होत्या.

"अहो काकू, तुम्ही हिला खाऊ घालताय?"



"हळू बोल. आजारी आहे तोवरच जिवंत आहे ती. आता एवढी शिकलीच आहेस, तर एखादं लांबणारं दुखणं शोधून सांग तुझ्या खालांना."