पहिला चीक

गाय व्याली आणि शेजारीण खरवसासाठी पातेलं घेऊन गोठ्यात आली. कुसाबाईंनी तिला थांबवलं. "आधी वासराला पिऊ दे. पहिला चीक पोटात गेला नाय, तर रोग धरतो. वासरू जगत नाय." धडपडणाऱ्या वासराचं तोंड त्यांनी कासेला लावलं. पंचवटीच्या बाजारात न्यायचा झेंडू तोडायचं सोडून सून हर्षाली दाराशी उभी राहिली. गेल्या पौषात बाळ घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तिचं पहिलं पिवळं दूध कुसाबाईंनी झेंडूच्या वाफ्यात पिळून टाकायला लावलं होतं. "नासकं हाय ते," म्हणून तीन दिवस बाळाला मध चाटवला. बारशाआधीच बाळ तापानं गेलं. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग. हर्षालीनं वासराच्या तोंडावरचा पिवळा फेस पाहिला. "आत्याबाई," ती म्हणाली, "गाईचं तुम्हाला ठाऊक होतं." कुसाबाईंचा वासराला धरलेला हात सुटला. वासरू तेवढं पीत राहिलं.