बंद फाटक

ऑस्ट्रेलियातल्या त्या द्राक्षमळ्यावर मुकादमानं रविवारीही तोडणी लावली आणि टोंगा बेटांवरून मजुरीला आलेल्या बायकांचं चर्चला जाणं बंद पडलं. "फाटकाबाहेर पाऊल टाकलंत, तर थेट घरी धाडीन," असं तो वर बजावून गेला. त्यातच त्यांच्यातली फुसी तापानं फणफणली, आणि डॉक्टरचं नाव काढलं की तो अंगावर यायचा.

त्या रविवारी तिची सोबतीण सियाले कामाला गेलीच नाही. फुसीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायची, दाराशी जायची, परत यायची.

"बस गं जरा," फुसी कण्हत म्हणाली. "देव गरिबाला टाकत नाही."

"मग अडकलाय कुठं तो?" सियाले कडाडली. "आपण इथं आहोत हे ठाऊक तरी आहे का त्याला?"

तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला. मुकादमच आला असं वाटून ती दार अडवून उभी राहिली. पण फाटकाशी एकामागून एक पाच-सहा गाड्या थांबल्या. पहिलीतून गावातल्या चर्चच्या बेरिल आजी काठी टेकत उतरल्या.

"तुमचा बाक रिकामा दिसला," त्या फाटकावरूनच ओरडल्या. "कोण आजारी आहे?"