घुमणारी फळी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी जावयाने सुतार सासऱ्याला सबवूफरची, म्हणजे ढमढम वाजणाऱ्या स्पीकरची, पेटी करायला सांगितली. "मामा, भुशाचा दाबलेला बोर्डच लावा. पेटी थरथरली की गाणं बिघडतं."

म्हातारा चक्रावला. जन्मभर त्याने टिचकी मारून घुमेल तीच फळी निवडली होती. नव्या जावयाला भुसा द्यायचा? त्याने गुपचूप पातळ सागवान लावलं.

गाणं लावताच पेटी थडथडू लागली. जावयाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात जन्मापासून ठार बहिरी असलेली सासू फडकं घेऊन आली. तिने पेटीवर हात टेकला आणि तिथेच थबकली. मग खुणेने विचारलं, "गाणं असं असतं?"

म्हातारा गोंधळला. "जावईबापू, म्हणजे लाकूड चुकलं की नाही?"

जावयाने आवाज वाढवला.

सासू पुढच्याच वर्षी वारली; पेटीचं सागवान मात्र जावयाने कधी बदललं नाही.