निर्दोष गाडी

निवृत्त मुख्याध्यापक व त्यांच्या पत्नीने लांबचे प्रवास करण्याचा आणि आडवाटेला तंबू ठोकून राहण्याचा संकल्प केला होता. त्यासाठी सेकंडहँड एसयूव्ही निवडण्याचे दायित्व त्यांनी गाड्यांची जाण असलेल्या मुलाकडे सोपवले. तो प्रत्येक गाडीखाली सरपटत जाई आणि नकारार्थी मान हलवत बाहेर येई. कुठे पत्रा गंजलेला असे, कुठे क्लच झिजलेला.

"अहो, लग्नाआधी तुमचीसुद्धा आमच्याकडे इतकी पारख झाली नव्हती," पत्नी म्हणाली.

"आई, तुमच्या जिवाशी खेळ नको," मुलगा गंभीरपणे म्हणाला.



मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर आजी-आजोबांकडेच असणाऱ्या नातवाला अखेर पाळणाघरात जागा मिळाली, त्याच संध्याकाळी एका गाडीखालचे तेलाचे थारोळे न्याहाळून मुलगा म्हणाला, "बाबा, घेऊन टाका. जुनी गाडी म्हटली की एवढं चालायचंच."